लोणारचे पाणी सोडामय का?

लोणारचे सरोवर ज्वालामुखीच्या मुखात साठले असावे, असा समज दीर्घकाळ होता; प्रत्यक्षात बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकात, कोरले गेले. या खडकाची झीज होताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात, आणि विवरातून बाहेर वाहणारा प्रवाह नसल्याने बाष्पीभवनाबरोबर त्यांची तीव्रता वाढत जाते. मात्र सर्व घटक सारखे साचत नाहीत, आणि या रसायनातील खरी मेख तीच आहे: कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने आधीच तळाशी बसते, बायकार्बोनेट त्याला पुरून उरते, आणि विद्राव्य सोडियमच्या सोबतीने पाण्यातच राहून सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दर्शवणारा अंक, 10 च्या आसपास नेते (समुद्राचा सामू साधारण 8 असतो). गाळात आढळलेले गेल्युसाइट, म्हणजे सोडियम-कॅल्शियमचे जलयुक्त कार्बोनेट, पाणी खूप आटून तीव्रता वाढली की तयार होते, म्हणून ते प्राचीन अवर्षणांची खूण मानले जाते. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. रंगाचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आघारकर संस्थेला आढळले.