शिक्का नाही म्हणून पत्र ठेवून देऊ नका

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण घरी शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको यांवर दोन मुलांचं शिक्षण चाललंय. दिराने टेम्पोसाठी कर्ज काढलं, तेव्हा जामीनदार म्हणून हिने सही केली. घरातलंच माणूस, नाही कसं म्हणणार? पुढे हप्ते थकले आणि मुंबईहून इंग्रजीत एक पत्र आलं. त्यावर कोर्टाचा शिक्का नव्हता. हिने ते गादीखाली ठेवून दिलं. नंतर आलेली दोन पत्रंही तिथेच गेली. वर्षभराने बेलीफ दारात! जप्तीच्या यादीत शिलाई मशीनसुद्धा होतं.

तिला घेऊन मी तालुका विधी सेवा समितीत गेले. तिथल्या वकीलबाईंनी समजावलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती पत्रं लवादाची होती. वाद झाला तर लवाद निवाडा देईल, असं कर्जाच्या करारात बारीक अक्षरात छापलेलं होतं. आपण ते कधी वाचतो का?

लवादाचा कायदा १९९६ चा. त्याचं कलम १९ म्हणतं, की लवादाला दिवाणी प्रक्रिया संहितेचं बंधन नाही. म्हणून कोर्टासारखं शिक्क्याचं समन्स येत नाही. पण मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. कलम १८ प्रमाणे दोन्ही बाजूंना समान वागणूक आणि म्हणणं मांडायची पूर्ण संधी द्यावीच लागते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा नोकरच लवाद म्हणून बसला, तर २०१५ च्या दुरुस्तीनुसार हरकत घेता येते. आपण गेलो नाही म्हणून कर्ज कबूल केलं असं होत नाही. मात्र समोरच्याच्या कागदांवर निवाडा होऊ शकतो.

निवाडा हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात आव्हान द्यायचं. सबळ कारण असेल तर आणखी फक्त तीस दिवस. ती मुदत टळली, की कलम ३६ नुसार निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं. सुरुवातीला बाहेर ठेवलेली दिवाणी संहिता आता जप्ती घेऊन घरात येते!

पण तीच संहिता आपल्याला सांभाळतेही. तिच्या कलम ६० प्रमाणे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. त्याच आधारावर अर्ज केला आणि मैत्रिणीचं मशीन वाचलं. स्कूटर मात्र गेली. मुदत केव्हाच उलटली होती.

मैत्रिणींनो, पत्र कुठल्याही भाषेतलं असो, आल्याची तारीख लिहून ठेवा आणि आठवड्याच्या आत कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. विधी सेवा समितीत बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि जामीनदार म्हणून सही करण्याआधी चहा गार झाला तरी चालेल, पण करार पूर्ण वाचा.