माती हाही पुरावा

वर्गाच्या भिंतीतील जांभा चिरा ही लक्षावधी वर्षांपूर्वीच्या हवामानाची नोंद आहे, असे सांगितले की विद्यार्थी प्रथम हसतात. परंतु ते सत्य आहे. उष्ण आणि विपुल पावसाच्या हवामानात मूळ खडक कुजला. पाण्याने त्यातील सिलिका, चुना आदी विद्राव्य द्रव्ये वाहून नेली व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. म्हणूनच मालवणचा सडा तांबडा आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. खाणीतून ओला असताना कापता येणारा हा दगड उन्हावाऱ्यात कठीण होतो, हे आपला चिरेखाण कामगार मात्र नाव न देताच जाणत होता.

घाट ओलांडून पर्जन्यछायेच्या प्रदेशात गेले की मातीची साक्ष बदलते. तेथे पाऊस थोडा. त्यामुळे चुना धुऊन न जाता काही खोलीवर साचतो व त्याचे पांढरे खडे बनतात. सामान्यतः पाऊस जितका कमी, तितका हा थर पृष्ठभागाच्या जवळ. पुराच्या गाळाखाली एखादी जमीन गाडली गेली, तर हे खडे, मुळांच्या खुणा आणि भेगाळलेल्या मातीची ढेकळे तिच्यासह जपली जातात. डेक्कन कॉलेजचे डॉ. एस. एन. राजगुरू यांनी प्रवरा, घोड आदी नद्यांच्या काठांवरील असेच थर वाचून जुन्या हवामानाचा मागोवा घेतला.

या अभ्यासाचे इतिहासाशी नाते काय, ते इनामगाव दाखविते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन झाले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकरी राहत होते. इ.स.पू. १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकारीवरील भिस्त वाढली. डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढता रुक्षपणा मानले. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. आणि येथेच मातीची साक्ष मोलाची ठरते. मात्र तीही सावधपणे तपासावी लागते. चुन्याचे खडे भूजलामुळेही बनतात. म्हणून एका खड्यावरून दुष्काळ सिद्ध होत नाही. परागकण, हाडे, धान्य आणि गाळ यांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष काढावा.

इनामगावच्या त्या शेतकऱ्यांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनाही अक्षरापासून दूर ठेवले गेले. जो इतिहास केवळ ग्रंथांवर विसंबतो, तो ग्रंथ लिहिणाऱ्यांचाच राहतो. माती जात विचारीत नाही. तिच्यात नांगर धरणाऱ्याची नोंद राहते. विद्यार्थी मित्रांनो, नवी विहीर खणली जात असेल, तेव्हा क्षणभर थांबा व कडेचे थर पाहा. रंग कोठे बदलतो, खडे कोठे सुरू होतात, हे वहीत उतरवा. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पाहिले म्हणून मानण्याची सवय तेथूनच लागते.