तलावाला वाली, कुत्र्याला धनी

वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन शासकीय नकाशावर स्वतंत्र झाला खरा. परंतु या भूप्रदेशाची घडण त्याच्या कितीतरी आधी, गोंड राजांच्या अंमलात, कोहळी समाजाच्या कुदळीने झालेली होती. भाताला लागणारे पाणी पावसाच्या लहरीवर न सोडता टेकड्यांच्या पायथ्याशी मातीची पाळ घालून ते अडवावे, सांडव्यावाटे निघणारे जादा पाणी खालच्या तलावात घ्यावे आणि बांधाबांधांतून ते शेवटच्या बोडीपर्यंत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यापर्यंत, पोचवावे, ही विद्या त्या लोकांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. ज्या टेकड्यांच्या आधाराने त्याने तो बांधला त्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि खुद्द कोलू पाटलाला कोलासूर देव म्हणून पूजतात. तलाव बांधणाऱ्याला देवत्व देणारा समाज पाण्याची किंमत यथार्थपणे जाणत होता, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीचा बंदोबस्त केला, तेव्हा गावांचे मालकीहक्क मालगुजारांकडे गेले आणि त्यांच्याबरोबर तलावही गेले. मालगुजार हा काही धर्मात्मा नव्हता. वेठबिगारीच्या आणि कुळांवरील जुलमाच्या कहाण्या या भागात अद्याप विझलेल्या नाहीत. तथापि तलावाच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क आणि गावाच्या सामाईक वापराच्या वहिवाटी कोणत्या, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक दस्तऐवजात गावोगाव नमूद झालेले होते, आणि पाळ फुटली तर कोणाच्या दारी जावयाचे हेही गावात प्रत्येकास ठाऊक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, हे सर्वथा न्याय्यच झाले. परंतु त्या कायद्यान्वये तलाव सरकारजमा झाले, पूर्वापार विनामूल्य मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टीचा प्रश्न उभा राहून तंटे माजले, मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारीचा ठेका आणखी तिसऱ्याकडे अशी वाटणी होत गेली. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक तलावांना सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक बदलला, पण मालकीबरोबर देखभालीची जबाबदारी कोणाच्याच गळ्यात पडली नाही; तलाव सर्वांचे झाले आणि त्यांना वाली उरला नाही.

वाली नसलेल्या जागेत जे घडते तेच येथे घडले. गाळ साचला, काठ आक्रसले आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरम नामक झुडपाने पाण्याचा कबजा घेतला. फिकट जांभळ्या फुलांचे हे झुडूप दुरून शोभिवंत दिसते; परंतु ते विषारी आहे, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, ते कोरड्यात जगते तसे पाण्यातही जगते, आणि तोडून फेकलेल्या खोडाच्या तुकड्यालासुद्धा मुळे फुटतात. त्यातच मत्स्योत्पादन वाढविण्याच्या सदिच्छेने रोहू, कटला, मृगल यांच्या बीजाबरोबर पाणवनस्पतींवर जगणारा ग्रास कार्पही कित्येक तलावांत सोडला गेला, आणि त्याने तळ अक्षरशः चरून काढला. वरून बेशरमचे रान आणि आत उजाड तळ, अशा पाण्यात स्थानिक माशाने अंडी कोठे घालावीत आणि पाखराने काय टिपावे?

हा प्रश्न प्रथम ज्यांना पडला ते ढिवर होत. मासे धरणे आणि शिंगाडा लावणे यांवर ज्यांचा चरितार्थ, त्या या समाजाला तलावाच्या तळाशी काय उगवते आणि कोणता मासा कोणत्या पानाच्या आडोशाने राहतो याचे ज्ञान आहे. ते कोणत्याही अभ्यासक्रमात समाविष्ट झालेले नाही, एवढेच. मनीष राजनकर या कार्यकर्त्याने पूर्व विदर्भातील तलावांचा अभ्यास करताना हे ज्ञान ऐकून घेण्याची नम्रता दाखविली, आणि अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवराला गुरुस्थानी मानले. भंडारा येथील ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’, लोकांच्या तोंडी ‘फीड’, ही त्यांची संस्था. तिने मच्छीमार सहकारी संस्थांना हाताशी धरून जे काम आरंभिले, त्यास मी निःसंकोचपणे उद्यानविद्या म्हणेन, मग त्या उद्यानाला फाटक आणि पाटी नसली तरी चालेल.

या कामाची रीत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटून काढावयाची. नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने येते. उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग पावसाळ्यापूर्वी शेतासारखा नांगरावयाचा, म्हणजे घट्ट झालेली माती मोकळी होऊन मुळे धरू शकते. पाऊस पडून पाणी चढू लागले की ज्या तलावांत जुन्या वनस्पती अजून टिकून आहेत तेथून त्यांची रोपे व कंद आणून चिखलात लावावयाचे. त्यांत पूर्णतः पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया असतात, पाने तरंगत ठेवणाऱ्या कुमुदवर्गीय वेली असतात, आणि काठाच्या उथळ पाण्यात अर्ध्या बुडून उभ्या राहणाऱ्या परसूड व देवधान यांसारख्या तृणजाती असतात. पाण्याच्या प्रत्येक खोलीला तिची तिची वनस्पती, हा त्यातला सिद्धान्त. मग ग्रास कार्पचे बीज सोडावयाचे नाही, असा निर्बंध सहकारी संस्थेने स्वतःवर घालून घ्यावयाचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जांभळी गावच्या नवतलावात असे काम उभे राहिले. वनस्पती रुजल्या की त्यांवर कीटक आणि गोगलगायी येतात, त्यांच्यामागे मरळीसारखे स्थानिक मासे येतात आणि माशांमागे पक्षी येतात. माणसाने फक्त पहिली पायरी नीट बांधावयाची असते.

लागवडीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या राज्याने २०१६ पासून वृक्षलागवडीचे मोठे संकल्प केले, २०१९ मध्ये तर ते ३३ कोटींवर गेले. संकल्पाविषयी आदर ठेवूनही असे म्हणावेसे वाटते की, कोणती वनस्पती, कोणत्या मातीत, कोणाच्या देखरेखीखाली, हे तीन प्रश्न आकड्याच्या आधी विचारले गेले पाहिजेत. गोंदियाच्या ढिवरांनी ते विचारले, म्हणून त्यांचे काम लहान असूनही अनुकरणीय आहे.

या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकावयाची ती स्त्रियांनी, आणि सहकारी संस्थेचे सभासद मात्र पुरुष, अशी दीर्घकाळची वहिवाट होती. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर स्त्रियांना संघटित करून तलावावरच्या आणि ग्रामसभेतल्या त्यांच्या हक्काचा प्रश्न लावून धरला, आणि बेशरम काढणे व देशी वनस्पती लावणे हे काम रोजगार हमी योजनेतून व्हावे यासाठी प्रयत्न केले. तलाव दुरुस्त करणे म्हणजे यंत्राने गाळ उपसून ट्रॅक्टरने वाहून नेणे, एवढीच ज्यांची कल्पना, त्यांच्या गळी ही गोष्ट उतरविणे किती कठीण असेल, याची कल्पना सरकारी कचेरीचा उंबरा झिजविलेल्या कोणालाही करता येईल.

परसूडचा उल्लेख वर आला. तिचे कंद हे सारस पक्ष्याचे आवडते खाद्य. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांहून उंच, जवळजवळ पुरुषभर उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदियातच उरला आहे, आणि तोही मोजकाच. नर-मादीची जोडी भाताच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठाशी गवताचा मोठा ढीग रचून बहुधा दोनच अंडी घालते आणि सुमारे महिनाभर आळीपाळीने उबविते. म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून आहे. गोंदियातील ‘सेवा’ या संस्थेने, मानद वन्यजीव रक्षक सावन बहेकर यांच्या नेतृत्वाखाली, हे सौजन्य मागण्यासाठी बांधाबांधावर जाऊन शेतकऱ्यांना सारसमित्र केले, घरट्यांची राखण केली आणि वनखात्याच्या साहाय्याने दरवर्षी गणनेचा परिपाठ ठेवला. परसवाडा आणि झिलमिली येथील तलावांची नावे आज पक्षिप्रेमी घेतात ती या कष्टामुळे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घेतली, आणि गोंदिया, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांत सारस संवर्धनासाठी समित्या झाल्या.

सारसाला विजेच्या तारांचे भय आहे, कीटकनाशकांचे आहे, आणि ज्याविषयी बोलावयास आपण संकोचतो त्या मोकाट कुत्र्यांचेही आहे. जमिनीवरच्या घरट्यातील अंडे आणि उडू न शकणारे पिल्लू हे कुत्र्याला सहज साध्य असते. शिवाय रोगाचा प्रश्न आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासात गावकुत्र्यांत आणि खोकडांत डिस्टेंपरसारख्या विषाणूंचा प्रादुर्भाव आढळला. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतील अनेकांच्या मृत्यूमागे डिस्टेंपरचाच विषाणू होता. नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये झाला. तेथे वाघ-बिबट्यांबरोबर रानकुत्र्यांचे कळपही आहेत, आणि प्रकल्पाभोवतीच्या गावांत लस न टोचलेली कुत्री आहेत. मोकाट कुत्र्याला दारात भाकरीचा तुकडा टाकला म्हणजे भूतदया संपली, असे मानणाऱ्यांनी हा सारा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मग मारून टाकावे काय? हा वाद या भूमीत नवा नव्हे. जून १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, त्याला हिंदू व जैन व्यापाऱ्यांची साथ मिळाली आणि शहराचा बाजार बंद पडला. पुढे १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ कुत्री मारविली, त्या प्रसंगी गांधीजींनी ‘यंग इंडिया’त जी लेखमाला लिहिली तिने अहिंसावाद्यांचाच रोष ओढवून घेतला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, बेवारस कुत्रे हे समाजाच्या दयेचे नव्हे तर अनास्थेचे लक्षण आहे. प्रत्येक कुत्र्याला धनी असला पाहिजे, आणि धनी होण्याची तयारी नसताना रस्त्यात अन्न टाकणे ही दयेची विटंबना आहे. मारण्यास त्यांनी नाइलाजाने दिलेली संमती मला आज मान्य होणार नाही, कारण नसबंदीची आणि लसीची जी साधने आपल्या हाती आहेत ती त्या काळी इतकी सहजसुलभ नव्हती. परंतु धन्याविषयीचा त्यांचा आग्रह शंभर वर्षांनंतरही अबाधित आहे.

सांप्रतचा कायदाही हळूहळू त्याच दिशेने चालला आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आणि मान्यताप्राप्त प्राणिकल्याण संस्थांना त्यात स्थान दिले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्याच वेळी इच्छुक नागरिकांना पालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्या नागरिकावर टाकली. पुढे नोव्हेंबरात शाळा, इस्पितळे, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री तेथून हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. निवारे बांधण्याची ऐपत किती नगरपरिषदांना आहे? गोंदिया, तिरोडा, आमगाव यांसारख्या गावांत दत्तक-विधान हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत माणुसकीचा निवारा ठरेल, असे माझे मत आहे.

मुंबईत १९८५ पासून ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था नसबंदी, लसीकरण आणि दत्तक-विधान यांचे काम करीत आली आहे. विदर्भापुरते बोलावयाचे तर वर्ध्यातील ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’चा करुणाश्रम जखमी व निराधार जनावरांना आसरा देतो, गांधीजींच्या सेवाग्रामपासून तो फार दूर नाही. गावठी कुत्रा विकत घ्यावा लागत नाही, आपले ऊन-पाऊस सोसतो, घरच्या भाकरीवर वाढतो आणि परक्याची चाहूल लागताच उठून बसतो. हजारो रुपये मोजून थंड मुलखातले केसाळ जनावर आणावयाचे, ते उन्हाळ्यात धापा टाकू लागले की सोडून द्यावयाचे, आणि दारातल्या पिलाला हाकलावयाचे, ही रीत बेशरमच्या फुलांना भुलून परसूड गमावण्यासारखीच आहे.

तेव्हा या भागातील वाचकांना माझी विनंती आहे. कुत्रे हवे असेल तर आपल्याच गल्लीतले पिलू घ्या, रेबीजची व डिस्टेंपरची लस वेळेवर टोचून घ्या, वयात येताच त्याची नसबंदी करा आणि रात्री त्याला तलावाकडे मोकळे सोडू नका. मत्स्यव्यवसाय खात्याला आणि सहकारी संस्थांना विनंती ही की, मामा तलावांत ग्रास कार्पचे बीज सोडणे थांबवावे. आणि जिल्हा परिषदेने येत्या उन्हाळ्यात, पाणी ओसरताच, बेशरम उपटण्याची व देशी पाणवनस्पती लावण्याची कामे रोजगार हमीच्या आराखड्यात घालून ती ढिवर स्त्रियांच्या गटांना द्यावीत. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर तळ नांगरता येत नाही.