ऐन उमेदीत हार्ट अ‍ॅटॅक : जीव कशामुळे जातो?

५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र ५९व्या.

• तंबाखू : सिगारेट-बिडीच नव्हे, मळलेली तंबाखूही घातक.

• मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल : तिशीत तपासणीच होत नाही, म्हणून कळत नाहीत.

• आनुवंशिकता : वडील-भावाला ५५च्या आत किंवा आई-बहिणीला ६५च्या आत हृदयविकार.

• उशीर : ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत सोडा पिऊन पडून राहणं. धमनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरतो.

छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर स्वतः गाडी चालवू नका. लगेच १०८ला फोन करा.