पॅड बांधून दोन दिवस!

मुंबईचं आझाद मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, तिथे एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या मिडऑफशी गप्पा मारू शकतो. चेंडू कुणाचा आणि अडवतो कोण, याचा नवख्या माणसाला पत्ता लागत नाही. अशाच एका खेळपट्टीवर २३ फेब्रुवारी १९८८ रोजी हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना सुरू झाला. दादरची शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध फोर्टातलं सेंट झेवियर्स हायस्कूल. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले तेव्हा धावा होत्या ८४. मग दोन पोरं खेळपट्टीवर एकत्र आली. एकाचं वय चौदा, दुसऱ्याचं सोळा.

त्यानंतर जे घडलं ते सगळ्या जगाला माहीत आहे. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची, तीही अभेद्य! त्या काळात कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली ती जगातली सर्वांत मोठी भागी होती. २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा जोडल्या तेव्हा कुठे तो विक्रम मागे पडला.

पण त्या दिवशी सीमारेषेबाहेर आणखी एक मुलगा होता. वय वर्षं तेरा. पुढचा नंबर त्याचा. पॅड बांधून, हातमोजे मांडीवर ठेवून तो वाट बघत होता. पहिला दिवस संपला. सचिन १९२, विनोद १८२. पोराने पॅड सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बांधले. जेवणाच्या सुट्टीला डाव सोडला गेला, दोन बाद ७४८ वर. त्याने पुन्हा पॅड सोडले. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

सर फोनवर

डाव सोडण्याची गोष्टही मजेशीर आहे. या मुलांचे गुरू रमाकांत आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव सोडायचा, असा त्यांचा निरोप होता. सरांचे साहाय्यक सीमारेषेवरून ओरडून ओरडून थकले, पण दोघे शूर शिलेदार त्यांच्याकडे पाहतील तर शपथ! दोघं खेळपट्टीवर गाणी म्हणत खेळत राहिले. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कर्णधार सचिनला फोनवर सरांच्या पुढ्यात ‘उभं’ राहावं लागलं. धावफलक ऐकून सरांनी ताबडतोब डाव सोडायला सांगितलं. विनोदने फोन घेऊन आणखी एक धाव मागितली, फक्त एक, साडेतीनशे पुरी करायला. मिळाली नाही. राग त्याने झेवियर्सवर काढला असावा, कारण नंतर गोलंदाजीत त्याने ३७ धावांत सहा बळी घेतले.

तिकडे झेवियर्सच्या पोरांचं काय? दीड दिवस उन्हात पळापळ. त्यांच्यात साईराज बहुतुले नावाचा एक मुलगा होता. मार खाल्ला त्याने, पण चेंडू खाली ठेवला नाही. पुढे तोही भारताकडून खेळला. त्या आझाद मैदानाच्या मातीत काय होतं देव जाणे!

मालवणचा माणूस, दादरचा सर

आचरेकर सर मूळचे मालवणचे. जन्म ३ डिसेंबर १९३२. स्वतः त्यांनी प्रथम दर्जाचा सामना खेळला तो अवघा एक, १९६३ च्या मोसमात स्टेट बँकेकडून हैदराबादेत मोइनुद्दौला चषकात. खेळाडू म्हणून नाव व्हावं असं काही घडलं नाही. नाव झालं ते शिवाजी पार्कच्या लाल मातीत, डोक्यावर टोपी घालून नेटच्या मागे उभं राहिल्यावर. १९८३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिजची दांडी उडवणारा बलविंदरसिंग संधू त्यांचा. १९९२ साली डर्बनला कसोटी पदार्पणातच शतक ठोकणारा प्रवीण आमरे त्यांचा. चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार, संजय बांगर... यादी करत बसलो तर पान पुरणार नाही.

मुंबईत शालेय क्रिकेट म्हणजे पोरखेळ नव्हे. मोठ्या मुलांची हॅरिस शिल्ड आणि चौदा वर्षांखालच्यांची गाइल्स शिल्ड या दोन ढालींसाठी शाळा-शाळांत शंभराहून अधिक वर्षं वैर चालत आलंय. हॅरिस म्हणजे मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस. सायबाने ढाल दिली आणि गिरणगावापासून वांद्र्यापर्यंतच्या मराठी पोरांनी ती आपली करून टाकली. वर्तमानपत्रांत बारीक अक्षरांत का होईना, शाळेच्या सामन्यांचे आकडे छापून यायचे. ती कात्रणं घराघरांत वहीत चिकटवली जायची.

सचिन त्यांच्याकडे आला १९८४ च्या उन्हाळ्यात, अकरा वर्षांचा. थोरल्या भावाने, अजितने, आणला होता. सर बघताहेत म्हटल्यावर पोराचे हातपाय गळाले, धड बॅट लागेना. अजितने सरांना विनंती केली की जरा झाडामागे जाऊन बघा. सर गेले. पोरगा मोकळा झाला. पुढचा इतिहास त्या एका झाडाच्या आडोशाला घडला म्हणायचा! मग सरांनी शाळा बदलायला सांगितली. वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये. घरातले वडील कवी आणि कॉलेजातले प्राध्यापक. त्यांनी निर्णय मुलावर सोडला. अकरा-बारा वर्षांच्या मुलावर! आजचे किती पालक सोडतील?

सरांची पद्धत साधी होती. नेटमध्ये घोटवण्यापेक्षा सामन्यात उतरवायचं. सुट्टीच्या साठ दिवसांत सचिनने पंचावन्न सराव सामने खेळले. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवणार आणि दुसऱ्या मैदानावर नेऊन सोडणार. आणि ती रुपयाच्या नाण्याची गोष्ट! दिवसभराच्या सरावानंतर स्टंपवर एक रुपया ठेवायचा. सगळी पोरं क्षेत्ररक्षणाला. साठ-सत्तर जणांच्या गराड्यात पंधरा मिनिटं टिकलं तर रुपया फलंदाजाचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

ही गोष्ट आपण सगळे मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्या साठ-सत्तर पोरांचा कधी विचार केलाय? दिवस मावळताना, पोटात कावळे ओरडत असताना ती दुसऱ्याच्या रुपयासाठी धावत होती. त्यांचीही आई घरी पांढरे कपडे धुऊन वाळत घालायची. तीही डबा घेऊन लोकलला लटकत यायची. त्यांची नावं कुठल्याच कात्रणात नाहीत. सरांच्या कारखान्यातून हिरे निघाले हे खरं, पण कारखाना चालायला ही पोरंही लागत होती.

आणि सर कुणालाच शाबासकी देत नसत, हिऱ्यालाही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने सांगितलंच की एकोणतीस वर्षांत सर एकदाही चांगला खेळलास असं म्हणाले नाहीत. पोरगं हवेत जाईल ही भीती. एकदा सचिन स्वतःचा सराव सामना बुडवून शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला, तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत कानाखाली लगावली होती. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ, हे त्या थपडेचं मर्म. आजच्या काळात कुणी गुरुजी असा हात उगारेल तर प्रकरण पोलिसात जाईल, आणि जावंही. पण थप्पड खाणाऱ्याने ती आयुष्यभर प्रसादासारखी सांभाळली, हेही तितकंच खरं.

तिघांच्या तीन वाटा

त्या दोन दिवसांतल्या तीन मुलांचं पुढे काय झालं?

सचिनचं सांगायला नकोच. त्या मोसमात हॅरिस शिल्डमध्ये तो पाच डावांत एकदाच बाद झाला. एकूण धावा १०२५. अंतिम सामन्यात नाबाद ३४६. पुढच्या वर्षी तो पाकिस्तानात कसोटी खेळत होता.

विनोदची गोष्ट आठवली की काळजात कळ येते. कांजूरमार्गहून लोकलने दादर गाठणारा हा पोरगा १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ करून बसला होता. मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. कसोटी सरासरी ५४ च्या वर. आणि तरीही शेवटची कसोटी १९९५ साली, तेविसाव्या वर्षी! सतराच कसोटी सामने. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. प्रकृती खालावलेला विनोद व्यासपीठावर बसून होता. सचिन उठून त्याच्याकडे गेला. विनोदने त्याचा हात धरला तो सोडेचना. ती चित्रफीत देशभर फिरली. त्याच महिन्यात विनोदला ठाण्याच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं.

आणि अमोल? त्याची वाट बघणं काही संपलं नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत फरिदाबादला हरियाणाविरुद्ध त्याने रणजी पदार्पण केलं आणि पहिल्याच डावात २६० धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणातला तो जागतिक विक्रम. मुंबईच्या कट्ट्यांवर लोक म्हणू लागले, आणखी एक तेंडुलकर आला. पण भारतीय संघाच्या मधल्या फळीत तेंडुलकर होता, मग द्रविड आला, गांगुली आला, लक्ष्मण आला. दार काही उघडलं नाही. ‘भारत अ’पर्यंत मजल गेली, तिथेच थांबली. १७१ प्रथम दर्जाचे सामने, ११,१६७ धावा, तीस शतकं. आणि भारताची टोपी? एकदाही नाही.

२००६-०७ च्या मोसमात तो मुंबईचा कर्णधार होता. पहिले तीनही सामने मुंबई हरली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहायला घेतले. त्या संघाला त्याने रणजी करंडक जिंकून दिला! तेव्हा तरी निवड समितीला आठवण व्हावी? नाही झाली. पुढे मुंबई सोडून तो आसामकडे गेला, आंध्रकडे गेला. २०१४ साली बॅट खाली ठेवली.

बंगळूरमध्ये गुरुबंधू

मध्य प्रदेशाशी अमोलचं नशीब असं काही गुंतलेलं की जबलपूर-इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या क्रिकेटवेड्यांची पंचाईत व्हावी. त्याचा २६० चा विक्रम चोवीस वर्षांहून अधिक टिकला. मोडला तो डिसेंबर २०१८ मध्ये, मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने, इंदूरच्या मैदानावर नाबाद २६७ करून.

मग आला जून २०२२. रणजीची अंतिम लढत, बंगळूर. एका बाजूला मुंबई, प्रशिक्षक अमोल मुझुमदार. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोघंही आचरेकर सरांचे! पंडित हे शिस्तीचे कडक, या बाबतीत सरांवर गेलेले. त्यांचं तर त्या मैदानाशी जुनं देणं होतं. १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून याच मैदानावर कर्नाटकाविरुद्ध हाती आलेला करंडक त्यांनी गमावला होता. तेवीस वर्षांनी यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतकं ठोकली आणि मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. होळकर संघाचा सुवर्णकाळ सरल्यावर त्या मुलखात आलेला हा पहिला रणजी करंडक. पंडित मैदानावर ढसाढसा रडले. हरलेल्या बाजूला अमोल होता. त्याच्या वाट्याला पुन्हा बघणंच आलं.

सर तोवर नव्हते. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. १९९० ची द्रोणाचार्य आणि २०१० ची पद्मश्री त्यांच्या नावावर होती.

पुढचा नंबर

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. जो भारताकडून एकही सामना खेळला नाही तो भारताला काय शिकवणार, अशी कुजबुज झालीच. २०२५ चा विश्वचषक भारतात भरला. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव. टीकेचा भडिमार. पण लागोपाठ तीन पराभवांचा अनुभव या गृहस्थाला २००६ पासून होता!

३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामना झाला. समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. मुंबईच्याच जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा करून तो डोंगर चढून दाखवला. २ नोव्हेंबरला अंतिम सामना, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. बावन्न धावांनी विजय. भारतीय महिलांचा पहिला विश्वचषक!

या संघात एक क्रांती गौड होती. वेगवान गोलंदाज. जबलपूरहून उत्तरेला दमोह ओलांडून गेलं की लागणाऱ्या छतरपूर जिल्ह्यातलं घुवारा हे तिचं गाव. गावातल्या पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळत वाढलेली. कोलंबोत पाकिस्तानविरुद्ध वीस धावांत तीन बळी घेऊन तिने सामनावीराचा मान पटकावला होता. तिलाही मोठ्या शहराने शोधलं नाही. छतरपूरच्या एका स्थानिक प्रशिक्षकाने हेरलं.

शेवटचा झेल घेतला तो कर्णधार हरमनप्रीत कौरने. जल्लोषात ती प्रशिक्षकापाशी आली आणि भर मैदानात वाकून तिने त्याच्या पायांना हात लावला. अमोल मुझुमदारने तिला उठवून मिठी मारली. आझाद मैदानावर त्याने पॅड सोडले होते त्याला सदतीस वर्षं झाली होती. त्या दोन दिवसांत त्याच्या वाट्याला एकही चेंडू आला नव्हता.