उघड्यावरील श्रम आणि दंश करणारे कीटक : उंब्रज परिसरातील आग्या मोहोळाच्या संदर्भात

प्रस्तावना

कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमालगत वसलेले उंब्रज हे पुणे-बंगळूर महामार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे असल्याने बाहेरच्या माणसाला गावाचे नाव ठाऊक असते. परंतु परिसराचे जीवन चालते ते उसावर. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेपासून फडात कोयते चालू लागतात. पावसाळा ओसरल्यानंतरच्या याच दिवसांत गावातील वड-पिंपळांवर, पाण्याच्या टाक्यांखाली आणि पुलांच्या कमानींत आग्या मोहोळे येऊन बसतात. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरेही बहुधा हिवाळ्यातच भरतात. माणसे अधिकाधिक काळ उघड्यावर वावरतात तो काळ आणि सर्वांत आक्रमक मधमाशीच्या मुक्कामाचा काळ असा एकच आहे. प्रस्तुत लेखात या योगायोगातून उद्भवणाऱ्या धोक्याचा आणि त्यापासून करावयाच्या संरक्षणाचा विचार केला आहे.

विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात प्रस्तुत लेखक कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहत होता. श्रमदानात गोळा झालेला पालापाचोळा एका जुन्या वडाखाली पेटविण्यात आला. वर मोहोळ आहे, हे गावातील पोरासोरांना माहीत होते. विचारले मात्र कोणीच नव्हते. धूर वर गेला आणि क्षणार्धात माश्या उठल्या. एका विद्यार्थ्यास जेमतेम पाच-सहा दंश झाले होते, तरी दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि तो खाली बसला. दुसऱ्या एकास त्याहून कितीतरी अधिक दंश होऊनही तो चालत राहिला. हा फरक का पडला, याचे उत्तर त्या दिवशी आम्हा तिघा प्राध्यापकांपैकी एकाजवळही नव्हते.

आग्या माशीचे वर्तन

आपल्याकडील सातेरी माशी झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीत पाळता येते. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचे काम प्रामुख्याने तिच्यावर उभे आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे 2022 साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. फुलोरी माशी आकाराने लहान असून झुडपात तळहाताएवढे पोळे करते. आग्या माशीचे तसे नाही. तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर लोंबते. आडोसा नसल्यामुळे हजारो माश्या स्वतःच्या शरीरांचा पडदा करून ते झाकतात, आणि संरक्षणाचे दुसरे साधन नसल्यामुळे हल्ला हेच तिचे संरक्षण ठरते.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती मनुष्याच्या कातडीत रुतते आणि विषाच्या पिशवीसह माशीच्या शरीरापासून तुटते. माशी मरते, पण पिशवीचे स्नायू विष आत ढकलत राहतात. त्याच वेळी नांगीपाशी एक गंधद्रव्य बाहेर पडते. त्यातील मुख्य घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असून त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा येतो. दंश झालेल्या माणसावर अशा रीतीने खूण उमटते आणि पुढील माश्या तेथेच येतात. एकाच माणसाच्या मागे सारे मोहोळ लागल्याचे लोक सांगतात, ते यामुळे. गांधीलमाशीची नांगी मात्र गुळगुळीत असल्याने ती एकटीच अनेकदा डसू शकते; गोठ्याच्या आढ्याला वा घराच्या वळचणीला हात घालण्यापूर्वी तिचे घर आहे काय हे पाहावे.

नांगी काढावी कशी, याविषयी पुष्कळ वाद घातला जातो. चिमटीत धरली तर विष आत जाते, म्हणून ती नखाने वा पात्याने खरवडावी, असे आपण ऐकत आलो. ‘लॅन्सेट’मध्ये 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पद्धतीने फरक पडत नाही, विलंबाने पडतो, असे आढळले. हाताला येईल तशी, पण त्वरित काढावी. अर्थात हे सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर. झाडाखाली उभे राहून नांग्या वेचणे हा शुद्ध वेडेपणा होय.

चुना, लोखंड आणि पाठ्यपुस्तक

दंशावर लोखंड घासणे, चुना लावणे, तुळशीखालची माती लावणे हे उपाय घरोघर चालतात. त्यांना हसण्यापूर्वी आपण वर्गात काय शिकवितो हे पाहिले पाहिजे. माशीचे विष आम्ल असते, म्हणून त्यावर सोडा चोळावा, असे स्पष्टीकरण आपणही विद्यार्थ्यांना देत आलो आहोत. वस्तुतः मधमाशीच्या विषाचा मुख्य घटक मेलिटिन हे पेप्टाइड असून ते कातडीखाली पोचलेले असते. वर लावलेला चुना तेथवर जात नाही. थंड पाण्याच्या पट्टीने सूज व वेदना कमी होतात, एवढेच.

डासांना दूर ठेवणारी मलमेही येथे निरुपयोगी आहेत. एडिस डास दिवसा चावतो, म्हणून डेंग्यू व चिकुनगुनिया टाळण्यासाठी मलम लावावे. पण ते लावलेल्या अंगावर मधमाशी डसणार नाही, असा समज धोक्याचा आहे. गडद रंग, हालचाल, उच्छ्वास आणि मोकळे केस यांकडे माशी आकृष्ट होते. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात व डोके घट्ट बांधतात. पाचटाने अंग कापू नये म्हणून त्यांनी केलेली ही सोय फिक्या रंगाचा सदरा असल्यास दंशापासूनही बऱ्यापैकी वाचविते.

माश्या उठल्याच, तर हात न झटकता, डोके व तोंड कापडाने झाकून सरळ रेषेत पळावे आणि बंद खोली वा वाहन गाठावे. काहीशे मीटर पाठलाग होऊ शकतो. नदीत उडी मारणे हा उपाय नव्हे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात, डोके वर काढावेच लागते, आणि कृष्णेचे डोह पोहता न येणाऱ्यास माश्यांहून घातक आहेत.

औषधाचा प्रश्न

आता त्या दोन विद्यार्थ्यांतील फरकाकडे येऊ. विषाची बाधा आणि विषाची अ‍ॅलर्जी या भिन्न गोष्टी आहेत. पहिली दंशांच्या संख्येवर अवलंबून असते. शेकडो दंशांनी स्नायूंच्या पेशी फुटतात, लघवी चहासारखी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून बरे वाटत असले, तरी अशा रुग्णास देखरेखीखाली ठेवावे लागते. दुसरीला एक दंशही पुरतो. श्वास अडणे, घसा सुजणे, रक्तदाब कोसळणे ही तिची लक्षणे. तिच्यावरील पहिले औषध अ‍ॅड्रेनालिन होय. प्रौढास एकास हजार या प्रमाणातील अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील स्नायूत, प्रशिक्षित व्यक्तीकडून. आमच्या विद्यार्थ्यास ज्या पहिल्या ठिकाणी नेले, तेथे केवळ खाज शमविणारे इंजेक्शन देऊन बसवून ठेवले. कराडला पोचल्यावर अ‍ॅड्रेनालिन मिळाले आणि तो वाचला. खाजेचे औषध अ‍ॅड्रेनालिनची जागा घेऊ शकत नाही. चक्कर येणाऱ्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास लागला असेल तर बसू द्यावे, पण एकदम उठवून चालवू नये. लक्षणे काही तासांनी परतू शकतात, त्यामुळे लगेच घरी पाठविणेही बरोबर नाही.

विंचू हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. तरी येथे त्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदय व फुप्फुसांवर होणारे परिणाम रुग्णाच्या उशाशी बसून नोंदविले आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध केला. त्यांचे निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. अ‍ॅड्रेनालिनची कुपीही अशीच स्वस्त आहे. मात्र ती कोठे आहे, हे माश्या उठण्यापूर्वी ठाऊक असावे लागते.

तोडणीच्या फडात ही माहिती मुकादमाजवळ असावयास हवी, आणि मुकादमास ती कारखान्याच्या शेतकी विभागाने द्यावयास हवी. टोळी नवखी असते, कोणत्या बांधावरच्या झाडाला मोहोळ आहे हे तिला कळणार कसे? फडाच्या मालकाने पहिल्या दिवशी बोट दाखविले तरी पुष्कळ काम होते. शिबिरे व गडभ्रमंती यांच्या बाबतीत ही जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. परवानगीच्या अर्जात विद्यार्थ्यांचा रक्तगट विचारला जातो. पूर्वी माशी चावून त्रास झाला होता काय, हा प्रश्न आमच्या अर्जात त्या प्रसंगानंतर घातला गेला. शिबिराच्या जागेची पाहणी आता गावातील एखाद्या गुराख्यास सोबत घेऊन केली जाते, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनालिन शिल्लक आहे काय हे लेखी विचारले जाते. मागील पाहणीत शाळेमागील पिंपळावर दोन मोहोळे दिसली. स्वयंपाकाची चूल शाळेच्या दुसऱ्या अंगाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूस हलविली आणि पिंपळाखालचे श्रमदान रद्द केले.