मांजरीच्या ताटातले वाटेकरी

मांजरी बुद्रुकच्या नावाचं एक वांगं आहे. मांजरी गोटा: गोल, जांभळं, अंगावर पांढरे पट्टे, भरायला नेमकं. याच गावात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, शिवाय पुणे बाजार समितीचा उपबाजार. तिथे शेतकरी कोथिंबीर-मेथीच्या जुड्या अडत्याला मध्ये न घेता स्वतः विकतो. ३० जून २०२१ रोजी हे गाव आणखी २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं. चर्चा झाली ती कराची, पाण्याची, रस्त्यांची. गावकऱ्यांच्या ताटाची जबाबदारी कुणाकडून कुणाकडे गेली, हा प्रश्न मागेच राहिला.

या प्रश्नाचं मूळ १९९३ मध्ये आहे. त्या वर्षी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत रेशन आहे, महिला व बालविकास आहे, बाजार आणि जत्राही आहेत. नगरपालिका-महापालिकांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय. त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे, पाणीपुरवठा आहे, कत्तलखानेसुद्धा आहेत. रेशन आणि बालविकास मात्र नाहीत. म्हणजे गाव शहर झालं की अन्नावरचा स्थानिक हक्क कागदोपत्री कमीच होतो.

प्रत्यक्षातही तसंच घडतं. खेड्यात रेशन दुकानावर ग्रामदक्षता समितीची नजर असते आणि अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या हाताखाली चालते. शहरात रेशन राज्याच्या अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे, अंगणवाडी नागरी प्रकल्पातून थेट राज्याच्या आयुक्तालयाकडे. धान्य कमी मिळालं तर सरपंचाला पारावर गाठून जाब विचारता येतो. नगरसेवकाला विचारलं तर ‘ते आमच्याकडे येत नाही’ असं तो म्हणेल आणि ते खरंही असेल. त्यातून मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तेव्हा तर विचारायला नगरसेवकही उरला नाही.

शाळेतल्या जेवणाची कथा अधिक बोलकी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने योजना आणली, पण महाराष्ट्रात मुलांच्या हाती पडायचा तो महिन्याचा कोरडा तांदूळ. शिजवलेलं अन्न द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी सांगावं लागलं. आज खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये नवा आदेश निघाला: अंडा पुलाव आणि नाचणीसत्व ऐच्छिक, त्यासाठी लागणारी अंडी आणि साखर शाळांनी लोकसहभागातून मिळवावी. ऊस संशोधनाचं माहेर असलेल्या मांजरीतल्या शाळेनेही साखरेसाठी गावाकडे हात पसरायचा!

भेसळीच्या बाबतीत १९५४ चा कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. त्यामुळे मांजरीतल्या वडापावच्या गाडीचा कायदा दिल्लीचा, नोंदणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची आणि गाडी उभी राहते ती जागा महापालिकेची. तेल किती वेळा तापलं हे बघायला यांपैकी नेमकं कोण येणार, हे गिऱ्हाइकाला कळणं कठीण.

या वाटणीतली सगळ्यात महाग फट जानेवारी २०२५ मध्ये दिसली. नांदेड, किरकटवाडी ही २०२१ मध्ये मांजरीबरोबरच महापालिकेत गेलेली गावं. तिथे विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाताच नळाला येत होतं. गिलान-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला, केंद्राचं पथक आलं. पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय तर महापालिकेच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. यादीत विषय असणं आणि गावापर्यंत शुद्ध पाण्याची पाइप पोचणं यांत साडेतीन वर्षांनंतरही अंतर होतंच.

दरम्यान फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही मांजरीच्या भागातली दोन गावं सप्टेंबर २०२४ मध्ये महापालिकेतून वेगळी झाली. त्यांना स्वतःची नगरपरिषद मिळाली. तिचे विषयही बाराव्या अनुसूचीतलेच, त्यामुळे तिथलं रेशन दुकान अजूनही राज्याच्या पुरवठा खात्यालाच बांधलेलं आहे.